जुनं ते सोनं... पण मोटर बघून!

ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर 'ट्रेडमिल' टाइप करून बघा. नाहीतर सोपं काम, तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जरा वर स्क्रोल करा. सगळ्या जाहिराती जुळ्या बहिणी वाटतील. 'अगदी कमी वापरलेली', 'फक्त तीन महिने', 'शोरूम कंडिशन', 'बदली झाल्यामुळे तातडीने विकणे आहे'. फोटोत मशीनच्या हँडलवर ओला टॉवेल, पट्ट्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा आणि मागे गेल्या दिवाळीचा आकाशकंदील. मशीनचा खरा उपयोग काय झाला, ते फोटोच सांगतो!

पण मंडळी, हसण्यावारी नेऊ नका. यातच आपला फायदा आहे.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि जिमला टाळं लागलं. महाराष्ट्रात जिम उघडल्या त्या थेट २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर. त्या सात महिन्यांत ज्यांच्याकडे पगार आणि हॉलमध्ये कोपरा होता, त्यांनी घरात काही ना काही आणलं. कोणी सायकल, कोणी डंबेल्सचा सेट, कोणी थेट ट्रेडमिल. मग ऑफिसने परत बोलावलं. कोणाचं लग्न झालं, कोणाला बाळ झालं, कोणी ऑनसाइटला गेलं. मशीन मात्र कोपऱ्यात तसंच. त्यात दर वर्षी नव्या संकल्पांची भर पडतेच. एक जानेवारीला घरी आलेली सायकल गुढीपाडव्यापर्यंत विकायला निघते.

म्हणजे बाजारात माल भरपूर, विकणाऱ्याला घाई आणि वस्तू बऱ्याचदा खरोखरच कमी वापरलेली. नवीन पगारात, भाड्याच्या वन बीएचकेत राहून फिट व्हायचं असेल, तर यापेक्षा चांगली संधी नाही. फक्त एक फंडा डोक्यात पक्का हवा. तोच आजचा विषय.

फंडा काय?

ज्या वस्तूत मोडण्यासारखं जितकं कमी, तितकी ती जुनी घ्यायला चांगली. बस्स, इतकंच!

लोखंडी प्लेटमध्ये बिघडण्यासारखं काही नसतं. दहा किलोची प्लेट दहा वर्षांनी पण दहा किलोचीच असते. बेंचमध्ये वेल्डिंग आणि फोम, एवढंच बघायचं. सायकलमध्ये बेअरिंग, पेडल आणि ब्रेक आले. क्रॉस ट्रेनरमध्ये सांधे वाढले. ट्रेडमिलमध्ये मोटर, पट्टा, रोलर, कंट्रोल बोर्ड, डिस्प्ले, कधीकधी चढ देणारी दुसरी मोटर, आणि हे सगळं आपल्या पूर्ण वजनाचे दणके खात चालतं. जसजसं या यादीत खाली जाल, तसतशी जास्त चौकशी करा आणि जास्त घासाघीस करा.

गंमत म्हणजे आपण नेमकं उलटं करतो. ट्रेडमिलची किंमत निम्म्याने उतरलेली दिसली की हरखून जातो आणि लोखंडाकडे ढुंकूनही बघत नाही. पण ट्रेडमिलची किंमत निम्मी झाली म्हणून दुरुस्तीचा खर्च निम्मा होत नाही. कंट्रोल बोर्ड बदलायचा झाला, तर तो नव्या भावानेच बदलावा लागतो.

लोखंडाला भाव किलोचा

सुरुवात डंबेल्स आणि प्लेट्सपासून करू. इथे ब्रँडच्या नावाला भुलायचं नाही. भाव किलोवर काढायचा. समजा कोणी ५० किलोचा सेट ५,००० रुपयांना देतोय, म्हणजे १०० रुपये किलो. आता जवळच्या फिटनेसच्या दुकानात फोन करून तशाच नव्या प्लेट्सचा किलोचा भाव विचारा. फरक किती पडतोय ते बघा आणि त्यातून तुमचं आणण्याचं भाडं वजा करा. हिशेब कॉफी पिता पिता होतो.

मात्र 'तशाच' या शब्दाकडे लक्ष द्या. बाजारात दोन जाती आहेत. एक ओतीव लोखंडाची किंवा लोखंडावर रबर चढवलेली. दुसरी पीव्हीसीची, म्हणजे प्लॅस्टिकच्या खोळीत सिमेंटसारखा भराव. दिसायला दोन्ही काळ्या आणि गुळगुळीत. पण त्याच वजनाची पीव्हीसी प्लेट बरीच जाड असते आणि आपटली की तडकते. मग हॉलभर भुकटी! जुनी पीव्हीसी घ्यायचीच असेल तर कडेने बोट फिरवून चीर आहे का बघा आणि लोखंडाचा भाव अजिबात देऊ नका.

प्लेटवर लिहिलेलं वजन खरं असेलच असं नाही. तुमच्याकडे बॅग तोलायचा तो छोटा लगेज काटा असेल ना? तो खिशात घालून न्या. दोन-चार प्लेट्स लटकवून बघा. विकणाऱ्याला वाईट वाटायचं कारण नाही, सोनाराकडे आपण काट्याकडे बघतोच की.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती भोकाची. आपल्याकडे घरगुती सेटमध्ये बहुतेक वेळा बारीक रॉड येतो, साधारण २५ ते २८ मिलिमीटर जाडीचा. मोठ्या जिममधल्या ऑलिंपिक बारचं टोक असतं ५० मिलिमीटरचं. एकाच्या प्लेट्स दुसऱ्याला चालत नाहीत. बारीक रॉड असताना मोठ्या भोकाच्या प्लेट्स स्वस्तात आणल्या, तर त्या रॉडवर लडबडतात आणि लॉक नीट बसत नाही. डोक्यावर वजन घेणाऱ्या माणसाने ही गंमत करू नये. टेप घेऊन जा, मोजा, मग बोला.

गंजाचं टेन्शन नको. वरवरचा गंज पॉलिश पेपरने निघतो, त्यावर तेलाचा हात फिरवला की झालं. मुंबईत समुद्राजवळच्या घरातला माल असेल तर गंज दिसणारच. पण रॉड वाकलेला असेल तर सोडून द्या. सपाट फरशीवर घरंगळत सोडा. सरळ रॉड सरळ जातो, वाकलेला उड्या मारत जातो.

पुण्यातल्यांसाठी एक हटके पर्याय: बुधवार-रविवारचा जुना बाजार. तिथे कधी सुट्या प्लेट्स सापडतात, कधी नाही. मिळाल्याच तर किलोने भाव करायचा आणि 'दादा, एवढे कसे सांगता?' इथून सुरुवात करायची, हे वेगळं सांगायला नको.

बेंच आणि सायकल

बेंचवर आपण पाठ टेकून झोपतो आणि छातीवर वजन घेतो. त्यामुळे फोम फाटलाय की नाही हा प्रश्न नंतरचा. फोम आणि रेक्झिन गल्लीतला सीट कव्हरवाला करून देतो. आधी बेंच उलटं करा आणि वेल्डिंगचे सांधे बघा. एकाच जागी ताजा रंग मारलेला दिसला, तर तिथे काहीतरी झाकलंय असं समजा. पाठ वर-खाली करायची पिन बाहेर काढा. पिन वाकडी आणि भोकं लांबट झाली असतील, तर ते बेंच जड वजनाखाली राहिलेलं आहे. मग बसा, झोपा, अंग हलवून बघा. कुरकुर चालेल, डुलणं चालणार नाही.

सायकल ही नवशिक्यासाठी सगळ्यात गुणी वस्तू. विजेचा खर्च जवळपास नाही, आवाज कमी, जागा कमी. ताण देण्याच्या तीन पद्धती असतात. पहिली घर्षणाची. जड चाकावर फेल्टचा किंवा रबराचा तुकडा दाबला जातो. तो झिजतो, पण बदलायला सोपा. दुसरी चुंबकाची. तिच्यात घासणारं काही नसल्यामुळे झीज कमी आणि आवाजही कमी. तिसरी हवेची, म्हणजे पंख्याची. जोरात मारली की घोंगावते. रात्री अकराला शिफ्ट संपवून येणाऱ्यांनी रूममेटचा विचार करून ठरवावं.

तपासणी सोपी आहे. पेडल हातात धरून आडवं हलवा, खडखड आली तर क्रँक किंवा आटे गेलेत. आटे गेले असतील तर फक्त पेडल बदलून भागत नाही. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं. कोणी जोर लावून चुकीच्या बाजूने फिरवलं असेल तर घोटाळा तिथेच होतो. सीटची नळी तुमच्या उंचीला लॉक करून बघा. मग दहा मिनिटं खरीखुरी चालवा, कमी ताणावर आणि पूर्ण ताणावरही. ताण वाढवल्यावर फरकच जाणवला नाही, तर तार तुटलीय किंवा चुंबक जागेवर नाही.

क्रॉस ट्रेनरला हीच परीक्षा, जोडीला सांध्यांची. त्याचे हात-पाय फिरतात त्या जागी बुशिंग असतात, ती झिजली की प्रत्येक पावलाला 'टक्' वाजतं. आणि हो, वर बघा! पायटी जमिनीपासून बरीच वर जाते. सहा फुटी माणसाचं डोकं आणि छतावरचा पंखा यांची भेट व्हायला नको.

ट्रेडमिलचा 'बघायचा कार्यक्रम'

ट्रेडमिलचं मूळ तसं सुखाचं नाही. १८१८ मध्ये विल्यम क्यूबिट नावाच्या इंजिनिअरने इंग्लंडमधल्या कैद्यांना कामाला लावण्यासाठी पायऱ्यांचं फिरतं चाक काढलं, त्याचं नाव ट्रेडमिल. शतक संपता संपता ती शिक्षा मोडीत निघाली. आपण मात्र पैसे मोजून ती घरी आणतो! तर शिक्षा स्वतःहून घ्यायचीच आहे, निदान नीट पारखून घ्या.

फोनवर आधी पत्रिका मागवा. मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो, बिलाचा फोटो, खरेदीचं वर्ष. वॉरंटी बहुतेक वेळा दुसऱ्या मालकाला मिळत नाही, तरी बिल हवंच. वस्तू त्यांचीच आहे हे त्यातून कळतं. मॉडेल नंबर मिळाला की त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करून एकच प्रश्न विचारा, 'या मॉडेलचा पट्टा आणि कंट्रोल बोर्ड मिळतो का?' उत्तर 'नाही' आलं तर पोहे खायला जायची गरजच नाही.

जायच्या आधी विकणाऱ्याला सांगा, 'सर, मशीन आधी चालू करून ठेवू नका.' थंड मशीन सुरू होताना जे आवाज करतं, ते खरे.

पोचल्यावर पहिलं काम बंद मशीनवर. प्लग काढलेला आहे हे स्वतः बघा आणि मगच पट्ट्याच्या कडेने हात आत घाला. खालची फळी गुळगुळीत लागली तर उत्तम. खरखरीत लागली, लाकडाचे रेषे जाणवले, तर फळी झिजलीय. पट्टा मध्येच चकचकीत झालाय का, कडा दोऱ्यासारख्या सुटल्यात का, तेही बघा. मागच्या मालकाला विचारा, 'ऑइलिंग कधी केलं होतं?' पट्ट्याखाली सिलिकॉन तेल घालावं लागतं. 'कसलं ऑइलिंग?' असं उत्तर आलं, तर ती मोटर इतके दिवस कोरड्या फळीवर पट्टा ओढत होती. 'घरातलं खोबरेल घातलं' असं उत्तर आलं, तर हात जोडून निघा.

आता सुरू करा. लाल दोरीची सेफ्टी की आहे का? ती ओढल्यावर मशीन लगेच थांबतं का? नसेल किंवा थांबत नसेल, तर भाव कितीही उतरू दे, ती दुरुस्त होईपर्यंत हे मशीन घरात नको. मग हळू वेगावर, ताशी तीन किलोमीटरवर चढा आणि पाय जोरात दाबत चाला. पाऊल टेकताना पट्टा अडखळला, तर तो सैल आहे किंवा मोटर थकलीय. पट्टा एका बाजूला सरकत असेल तर घाबरू नका, मागचे दोन बोल्ट एल-कीने थोडे फिरवून बहुतेक वेळा तो मध्यभागी येतो. वेग हळूहळू वाढवत पंधरा मिनिटं तरी राहा. विकणारे काका घड्याळाकडे बघत असतील, बघू दे. जळका वास, कंट्रोल बोर्डचा बिघाड, एरर कोड, हे पहिल्या दोन मिनिटांत दिसत नाहीत. गरम झाल्यावर दिसतात.

हॉर्सपॉवरचा आकडा वाचताना चष्मा लावा. 'पीक' हॉर्सपॉवर म्हणजे क्षणभराचा जोर. 'कंटिन्युअस' म्हणजे सतत मिळणारा. जाहिरातीत मोठा आकडा छापतात, तो बहुतेक वेळा पीकचा. नुसतं चालायचं असेल तर दीड-दोन कंटिन्युअस पुरते, रोज धावणाऱ्याला अडीच-तीन हवी. वजनाची मर्यादा पण बघा. मर्यादा १०० किलो आणि तुम्ही ९५, असं काठावर घेऊ नका. पंधरा-वीस किलो हातचे राखा.

पट्ट्याची लांबीही मोजा. स्वस्त घरगुती मॉडेल्समध्ये ती ११०-१२० सेंटिमीटर असते. चालायला ठीक. उंच माणसाला मोकळं धावायचं असेल तर १४० च्या पुढे हवी, नाहीतर प्रत्येक पाऊल जपून टाकावं लागतं.

एक मोह मात्र टाळा. बंद पडलेल्या जिमचा माल. ती मशीन दणकट असतात, भावही भुरळ घालतो. पण ती दिवसभर चाललेली असतात, वजनाला प्रचंड असतात आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये मावत नाहीत. त्यातल्या प्लेट्स आणि बेंच डोळे झाकून, सॉरी, डोळे उघडून घ्या. ट्रेडमिल तिथेच राहू द्या.

किंमत आणि खर्च

माझ्या एका मैत्रिणीने वाकडहून खराडीला ट्रेडमिल नेली. मशीन खरंच चांगलं होतं. पण छोटा हत्ती, दोन हमाल, पार्ट सुटे करून परत जोडणारा माणूस, तिकडच्या सोसायटीत रविवारी सामान चढवायला मनाई म्हणून एक दिवस सुट्टी, आणि शेवटी इलेक्ट्रिशियन. स्वस्त मशीन घरात उभं राहीपर्यंत तेवढं स्वस्त राहिलं नव्हतं.

इलेक्ट्रिशियन कशाला? गणित बघा. एक हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ७४६ वॅट. तीन हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण जोरावर सव्वादोन हजार वॅटच्या आसपास जाते, म्हणजे जवळपास दहा अँपिअर. टीव्हीच्या साध्या पॉइंटवर, तेही एक्स्टेंशन बोर्ड लावून, हे चालवायचं नसतं. गिझर-एसीसारखा १६ अँपिअरचा पॉइंट हवा, अर्थिंगसकट. भाड्याच्या घरात नवा पॉइंट काढायचा तर मालकांना विचारावं लागणार.

जागेचा हिशेब मशीनच्या मापावर करू नका. ट्रेडमिलच्या मागे दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मोकळं हवं. तोल गेला तर माणूस मागे फेकला जातो. तिथे भिंत किंवा काचेचं टीपॉय असेल तर काय होईल, ते सांगायला नको. घरी गेल्यावर फरशीवर वर्तमानपत्रं अंथरून तेवढा चौकोन आखा आणि दोन दिवस त्याला वळसा घालून वावरा. दुसऱ्याच दिवशी कळेल, मशीन येणार की नाही. आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंचा विचार करा. जाड रबरी मॅट घातली तरी सकाळी सहाला धाडधाड होणारच.

काय जुनं घेऊच नये?

रेझिस्टन्स बँड. रबर वापराने आणि नुसत्या वयानेही कमकुवत होतं आणि ताणलेला बँड तुटला की तोंडावर बसतो. योगा मॅट, ग्लोव्हज, कमरेचे पट्टे यांत दुसऱ्याचा घाम मुरलेला असतो. दारात अडकवायचे पुल-अप बार, ज्यांचं लॉक झिजलंय. हे सगळं नवीन घेतलं तरी खिसा फार हलका होत नाही.

डायल फिरवून वजन बदलणारे अॅडजस्टेबल डंबेल्स घेताना विशेष सांभाळा. जून २०२५ मध्ये अमेरिकेत बोफ्लेक्सच्या ५५२ आणि १०९० या मॉडेल्सचे सुमारे ३८ लाख डंबेल्स रिकॉल झाले, कारण उचलताना प्लेट निसटून पडण्याचा धोका होता. त्याआधी मे २०२१ मध्ये पेलोटॉनच्या ट्रेड प्लस या ट्रेडमिलचे सुमारे सव्वा लाख नग रिकॉल झाले होते. त्या मशीनखाली ओढलं जाऊन एका लहान मुलाचा जीव गेला होता आणि अपघातांच्या ७० हून जास्त तक्रारी आल्या होत्या. मुद्दा या दोन कंपन्यांचा नाही. असं काही झालं तर कंपनीचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं, तुमच्या नाही. परदेशातून परतलेल्या कोणाकडून मशीन घेत असाल, तर मॉडेल नंबर टाकून 'रिकॉल' शोधायला दोन मिनिटं लागतात. आणि घरात लहान मूल असेल, किंवा सुट्टीत भाचे येणार असतील, तर ट्रेडमिलचा प्लग आणि सेफ्टी की काढून उंचावर ठेवायची. रोज. अपवाद नाही.

पैसे देताना

'मी आर्मीत आहे, पोस्टिंग आलंय, मशीन कँटोन्मेंटमध्ये आहे, गाडीचं भाडं पाठवा, डिलिव्हरी लगेच.' ही कथा ऐकली की फोन ठेवा. जवानांचं नाव घेऊन चालणारी ही फसवणूक जुनी आहे आणि अजून चालते, कारण आपण गणवेशावर विश्वास ठेवतो. नियम सोपा: वस्तू न बघता एक रुपया अॅडव्हान्स नाही. कोणी 'हा क्यूआर स्कॅन करा, तुम्हाला पैसे येतील' म्हणालं तर लक्षात ठेवा, यूपीआय पिन पैसे देताना टाकतात, घेताना कधीच नाही. फसलातच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडकवून ठेवण्याची शक्यता जास्त.

बघायला दिवसाउजेडी आणि शक्यतो कोणाला तरी सोबत घेऊन जा, मुलींनी तर नक्कीच. घेतल्यावर एका कागदावर मॉडेल नंबर, रक्कम, तारीख आणि सही घ्या. समोरच्यांना राग येत नाही, त्यांनाही मशीन गेल्याचा आनंद असतो.

आणि आता खरा प्रश्न

विकणाऱ्याला सगळे प्रश्न विचारून झाले की एक शेवटचा विचारा, सहज, चहा घेताना: 'का विकताय?' बदली, नवं घर, गुडघेदुखी, ही कारणं समजतात. पण बरेच जण थोडं हसून खरं सांगून टाकतात, 'वेळच मिळाला नाही हो.' ते उत्तर नीट ऐका. त्यांचंही ऑफिस नऊ ते आठ, तुमचंही. त्यांच्याकडेही हिंजवडीचा ट्रॅफिक, तुमच्याकडेही. मशीन बदललं नाही, मालक बदलतोय. मग तुमच्याकडे वेळ कुठून येणार?

म्हणून मशीन घेण्याआधी दोन आठवड्यांची परीक्षा घ्या, स्वतःची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. ज्या वेळी तुम्ही मशीन वापरणार म्हणताय, नेमक्या त्याच वेळी तो अर्धा तास काढून दाखवा. सोसायटीच्या आवारात चाला, जिने चढा, जोर-बैठका काढा, दोरीवरच्या उड्या मारा. खर्च शून्य. दोन आठवड्यांत दहापैकी आठ दिवस जमले, तर बिनधास्त मशीन बघायला निघा. तुमच्याकडे वेळ आहे, फक्त साधन हवंय. तीन-चारच जमले, तर अडचण साधनाची नाही, आणि कुठलंही मशीन ती सोडवणार नाही. मग कदाचित ऑफिसच्या वाटेवरची जिम बरी, निदान बाहेर पडल्यावर पाय तिकडे वळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा फी विचारताना तो फरक बिलात दिसतोय का, तेही बघा.

मशीन ठरलंच, तर शेवटचा हिशेब असा: घेतानाच विकायची किंमत ठरवा. वर्षभराने तुम्हीही 'बदली झाल्यामुळे' अशी जाहिरात टाकणार असाल, तर किती येतील? लोखंडात घाटा जवळजवळ नाही, सायकलमध्ये थोडा, ट्रेडमिलमध्ये बराच. हा आकडा मनाला पटत असेल तर छोटा हत्ती बोलवा. हँडलवर टॉवेल मात्र घाम पुसायचाच टांगा, वाळत घालायला बाल्कनी आहे ना!